सातवी साडी

योगिराजने साडीवर बोट ठेवलं. "इथे."

तपासणी केंद्रातल्या लांब पांढऱ्या टेबलावर पैठणी पसरली होती. हिरवं अंग, जांभळे काठ, पदरावर राघूंच्या ओळी. तीन महिने आणि अकरा दिवस ती मागावर होती. टेबलाच्या अलीकडे योगिराजचे वडील उभे होते, त्र्यंबक दिवटे. येवल्यातले सगळे विणकर त्यांना नाना म्हणतात. त्यांच्या शेजारी हेमांगी, योगिराजची थोरली बहीण. पलीकडे योगिराज, अंगात कंपनीचा राखाडी कोट, छातीवर बिल्ला: प्रमाणित डोळा, क्रमांक ३.

नाना वाकले. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, परत लावला.

"कुठे रे?"

"इथून इथपर्यंत. चार बोटं रुंद पट्टा आहे. रंग फुटलाय."

"मला तर एकसारखं दिसतंय."

"तुम्हाला नाही दिसणार, नाना."

योगिराज ते उद्धटपणे म्हणाला नाही. काउंटरवरचा माणूस 'आज मशीन बंद आहे' म्हणतो, तसं म्हणाला. त्या सुरानेच हेमांगीची कानशिलं तापली. ज्या माणसाने याला लडीवरची एक छटा इकडे-तिकडे झाली तर ओळखायला शिकवलं, त्यालाच हा सांगतोय की तुम्हाला दिसणार नाही.

योगिराजने सुई घेतली, पट्टा सुरू होतो म्हणाला तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घातला, संपतो तिथे दुसरा. मग पडद्यावर नोंद केली. लाल अक्षरं उमटली: त्र्यंबक दिवटे, शेरा दुसरा.

तीन शेऱ्यांनंतर विणकराचं नाव कंपनीच्या यादीतून जातं. यादीत नाव नसलेल्याला रेशीम मिळत नाही आणि त्याची साडी एकही पेढी हातात धरत नाही. नाना एकसष्ट वर्षांचे होते. त्यांना विणण्याखेरीज दुसरं काही येत नव्हतं, आणि दुसरं काही करायची त्यांची इच्छाही नव्हती.

"पुढची साडी फेब्रुवारीत आणा," योगिराज म्हणाला. बापाकडे न बघता त्याने साडीची घडी घातली. घडी मात्र नानांनी शिकवली होती तशीच, पदर आत ठेवून.

कापडावरून डोळ्यात येणारा प्रकाश म्हणजे एक यादी असते. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत कोणती तरंगलांबी किती परत आली, याची. हेमांगी वस्त्ररसायनाची पदवीधर होती, विणकर संस्थेची रंगशाळा सांभाळायची. तिच्याकडचं मुठीएवढं यंत्र त्या यादीत एकतीस आकडे भरायचं. माणसाचा डोळा मात्र तीनच आकडे ठेवतो, कारण रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी त्याच्या पडद्यावर तीनच प्रकारच्या असतात. एकतीसचे तीन करताना पुष्कळ काही हरवतं. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या याद्यांमधून तेच तीन आकडे निघू शकतात, आणि मग दोन वेगळे रंग माणसाला एकच वाटतात. जगातलं सगळं रंगकाम, छपाई, पडदे, फोटो, याच हरवण्यावर चाललं होतं. कुणाची तक्रार नव्हती.

मग चौथी पेशी आली. एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूत नव्या रंगद्रव्याचं जनुक भरायचं आणि ते डोळ्याच्या पडद्यामागे टोचायचं. काही शंकूपेशी ते जनुक वाचतात आणि निळ्या-हिरव्याच्या मधला प्रकाश टिपणारं चौथं द्रव्य बनवू लागतात. माकडांवर असा प्रयोग या शतकाच्या पहिल्याच दशकात झाला होता. जन्मजात रंगांध माकडांना तिसरं द्रव्य मिळालं आणि त्यांना लाल-हिरवा फरक दिसू लागला. ते व्यंगावरचं औषध होतं. चौथं द्रव्य कुठल्याच व्यंगावर नव्हतं. ज्यांच्याकडे सगळं होतं, त्यांना आणखी एक हवं होतं.

येवल्यात अशा लोकांना चौरंगी म्हणत. संख्येने ते थोडे, पण अस्सल पैठणी घेणारे बहुतेक तेच. त्यांच्या नजरेला उतरेल तीच साडी बाजारात जावी म्हणून कंपनीने केंद्र उघडलं आणि डोळे टोचून घेतलेले तीन तपासनीस बसवले; योगिराज त्यांतला तिसरा. पुण्यात एका लग्नात नवरीच्या मैत्रिणीने नानांनी विणलेली पैठणी पाहून नाक मुरडलं होतं: "दोन साड्या जोडल्यात का गं?" तक्रार कंपनीपर्यंत गेली, आणि तो नानांचा पहिला शेरा. आणि ती चूक हेमांगीची होती. साडी अर्धी झाल्यावर हिरव्या रेशमाची लडी संपली, जुना रंग बाजारातून गेला होता, म्हणून तिने दुसरे दोन रंग मिसळून तोच हिरवा बनवला. तीन आकडे तंतोतंत जुळवले. नानांनी दारातल्या उजेडात दोन्ही लड्या मनगटावर धरून पाहिल्या, मान डोलावली. यंत्राने मागाहून दाखवलं ते असं: चारशे नव्वद नॅनोमीटरच्या आसपास दुसऱ्या लडीच्या आलेखाला एक उंचवटा होता. तीन पेशींच्या डोळ्यांना तो दिसणं शक्यच नव्हतं. चौथीला तो ओरडून सांगत होता.

हेमांगीने तेव्हा नानांपुढे कबूल केलं होतं. नाना म्हणाले होते, "माणसाला दिसत नाही तो दोष कसला गं?" पण त्यानंतर तिने नियमच केला. एक साडी, एक लडी. रेशीम एकाच घाण्यात रंगवायचं, कमी पडलं तर साडी सोडायची.

आणि आता टेबलावर जिच्यात पट्टा निघाला होता, त्या साडीचं सगळं हिरवं रेशीम एकाच पातेल्यातून निघालं होतं.

तिने घरी येऊन साडी उलगडली. टाक्यांच्या आत सहा ठिकाणी यंत्र टेकवलं, बाहेर सहा ठिकाणी. बारा आलेख एकमेकांवर असे बसले की पडद्यावर एकच रेष दिसत होती. प्रत्येक आकडा तोच, एकतीसच्या एकतीस.

हेमांगी खुर्चीत मागे टेकली. चौथ्या पेशीचा डोळा काय, चौदाव्या पेशीचा काय, प्रकाशच एक असेल तर त्याला फरक दिसणार कुठून? फरक साडीत नव्हताच.

म्हणजे योगी खोटं बोलला होता. बापाच्या तोंडावर.

तिने कंपनीच्या केंद्रप्रमुख सबनीस मॅडमना बारा आलेख पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं: "उपकरणाने केलेले मापन प्रमाणित डोळ्यास पर्याय ठरत नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार."

तिने ते तीनदा वाचलं. इतकी वर्षं शिकलेली सगळी भौतिकी त्या बाईने 'आभार' म्हणून परत पाठवली होती.

संक्रांतीला येवल्यातलं कुणी जमिनीवर राहत नाही. तीन दिवस सगळं गाव गच्चीवर असतं. हलग्या वाजतात, मांजा गुंडाळलेल्या आसाऱ्या फिरतात, आणि एखादी पतंग कटली की दहा गच्च्यांवरून एकदम आरोळी उठते. नाना खाली मागावरच होते. योगिराज भोगीच्या दिवशी घरी आला, आईच्या फोटोला नमस्कार केला आणि थेट गच्चीवर गेला. हेमांगी त्याच्या मागोमाग चढली आणि तिने जिन्याच्या दाराला गच्चीकडून कडी घातली.

"काय गं ताई, कोंडतेस की काय?"

"हो."

तिने फोन त्याच्यासमोर धरला. पडद्यावर ती एक रेष.

"बारा आलेख आहेत यात. नानांच्या साडीचे. मोज."

योगिराजने पाहिलं. तो मूर्ख नव्हता. बहिणीच्या यंत्राजवळ बसूनच त्याने बारावी केली होती. त्याने आसारी खाली ठेवली. वर त्याची पतंग हेलकावे खाऊ लागली.

"यंत्र बिघडलं असेल."

"थोबाड फोडीन योगी."

शेजारच्या गच्चीवर कुणीतरी "कटी रेऽऽ" करून ओरडलं. योगिराज कठड्याला टेकून उभा राहिला. त्याने आकाशाकडे पाहिलं.

"त्या लाल पतंगीच्या बाजूला जी आहे ना, कागद कुठला आहे गं तिचा? मोरपंखी?"

"विषय बदलू नको."

"बदलत नाहीये. मागच्या वर्षी मला त्या एका कागदात तीन रंग दिसायचे. निळा आणि हिरवा यांच्या मधे, ताई, एक अख्खी खोली आहे. तुम्ही सगळे भिंत समजून पुढे जाता. मी आत जाऊन राहून आलोय. राघूच्या पंखावर असतो तो. उसाच्या पात्यावर सकाळी असतो. नानांच्या जुन्या साड्यांमध्ये कुठे कुठे असायचा, आणि नानांना माहीतही नव्हतं." त्याने नजर पतंगीवरून काढली. "गणपतीपासून काही दिसत नाही. आधी फिका झाला. मग गेला."

हेमांगीला क्षणभर कळलंच नाही.

"गेला म्हणजे?"

"गेला म्हणजे गेला. तुझ्यासारखाच आहे मी आता. तीन."

तिला लगेच उमगलं कसं झालं असेल ते. बाहेरून घातलेलं जनुक पेशी आयुष्यभर वाचतीलच असं नसतं. काही पेशी काही काळाने त्याच्यावर रासायनिक टोपी बसवतात आणि वाचणं सोडून देतात. जनुक जागेवरच असतं, पण मुकं.

"परत टोचून घे मग."

"विचारलं मी, मित्रासाठी म्हणून. एकदाच चालतं म्हणे. दुसऱ्या वेळी शरीर त्या विषाणूला ओळखतं, आत जायच्या आधीच मारतं."

"आणि कंपनीला माहीत आहे हे?"

"तिघांतल्या एकाचं जातं, दोन वर्षांत. माहीत नसेल?"

"मग तू गणपतीपासून तपासतोयस काय रे? बोट कशावर ठेवतोस?"

वरची पतंग कुणीतरी कापली. योगिराजने दोर गोळाही केला नाही.

"सातातली एक," तो म्हणाला.

"काय?"

"सुरुवातीला खरंच सातात एक सदोष निघायची. मिसळलेल्या लड्यांची. मग तुम्ही लोक शहाणे झालात, एकाच लडीची विणायला लागलात. पण वरच्या लोकांच्या पडद्यावर तो आकडा बसलाय. ज्याचा आकडा खाली येतो त्याचे डोळे परत तपासतात. माझे तपासले की संपलं. म्हणून मी मोजतो. सहा सोडतो, सातवी धरतो."

"आणि नानांची?"

"सातवी होती."

तिने त्याच्या कानाखाली मारली. हलगीच्या आवाजात चपराकीचा आवाजही ऐकू आला नाही.

"ओळखली नाहीस? बापाच्या हातची साडी?"

"पदर उलगडायच्या आधी ओळखली." त्याने गालाला हातही लावला नाही. "सोडून देऊन आठवी धरता आली असती. आठवी शेजारच्या वाल्मीककाकांची होती. त्यांना दोन शेरे होते आधीच. नानांना एक होता. मग काय करायला हवं होतं, तूच सांग. शिकलेली आहेस ना?"

हेमांगीला ओरडायचं होतं. कुणावर, ते मात्र समजेना. समोर तेवीस वर्षांचा भाऊ होता. त्याने बापाला गोळी घातली होती, का, तर शेजाऱ्याला लागू नये म्हणून. बंदूक त्याच्या हातात देणारे लोक इथे नव्हतेच. ते कुठल्याशा काचेच्या इमारतीत बसून सातचा आकडा बघत होते.

"आता नानांना दोन झालेत," ती म्हणाली. "फेब्रुवारीत तू त्यांना सांगणार आहेस. केंद्रात, सगळ्यांसमोर. नाहीतर मी सांगेन."

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"ताई, तो कोट काढला की मी कोण? मागावर परत बसू? नानांच्या शेजारी? या डोळ्यांनी?"

"कोणत्या डोळ्यांनी?" ती ओरडली. "आमच्यासारख्या? आम्ही काय मेलोय का?"

तिने कडी काढली आणि खाली गेली.

फेब्रुवारीत नानांची साडी टेबलावर आली तेव्हा केंद्रात साठ-सत्तर विणकर होते. हेमांगीने फक्त एवढं पसरवलं होतं की आज दिवट्यांचा तिसरा शेरा व्हायचाय. लोक तेवढ्यावरच आले. जो तो मनात आपले शेरे मोजत होता.

योगिराज टेबलामागे उभा होता. तो बोलला नाही. हेमांगी पाच मिनिटं थांबली, मग दहा. त्याने साडीची घडी उलगडायला हात घातला, तेव्हा ती पुढे झाली आणि तिने टेबलावर दहा छोट्या हिरव्या लड्या ओतल्या.

"हे काय?" सबनीस मॅडम काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. सुती साडी, पायात उंच टाचा, चेहऱ्यावर कार्यक्रमाचं हसू. त्या स्वतः चौरंगी होत्या. दर भाषणात सांगायच्या.

"पाच लड्या एका रंगाच्या, पाच दुसऱ्या. आम्हाला सगळ्या सारख्या दिसतात. प्रमाणित डोळ्याला वेगळ्या दिसायला हव्यात. मी मुद्दाम तशा रंगवल्यात. चिठ्ठ्या आत गुंडाळल्या आहेत आणि यंत्र इथे आहे, ज्याला पडताळायचं त्याने पडताळावं. तिन्ही तपासनिसांनी दोन ढीग करायचे. एक मिनिटाचं काम आहे."

"हे नियमात नाही, मिस दिवटे."

"नाव खोडायचं तेवढं नियमात आहे वाटतं?" मागून वाल्मीककाका म्हणाले. आधी कुणी हसलं, मग आवाज वाढला. करू द्या, करू द्या. दारापर्यंत लोक रेटून उभे राहिले. मॅडमनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाचा सासरा मागे गर्दीत उभा होता.

तपासनीस क्रमांक दोन, मयूरी नावाची मुलगी, डोळे टोचून आठ महिने झालेली, पुढे आली. तिने वीस सेकंदांत दोन ढीग केले. चिठ्ठ्या उघडल्या. दहाच्या दहा बरोबर. लोकांनी श्वास सोडला. म्हणजे लड्या खऱ्या होत्या, आणि तो रंगही खरा होता.

मग योगिराज बसला.

त्याला नकार देता आला असता. पण त्याने लड्या हातात घेतल्या, एकेक करून खिडकीकडे धरल्या, डोळ्यांजवळ आणल्या, लांब नेल्या. हेमांगीला दिसलं. तो नाटक करत नव्हता. त्याला अजून आशा होती. आज दिसेल, या लडीत दिसेल, असं वाटत होतं त्याला.

चार मिनिटांनी दोन ढीग झाले. चिठ्ठ्या उघडल्या. सहा बरोबर, चार चूक.

तपासनीस क्रमांक एक, पन्नाशीचा गृहस्थ, जागेवरूनच म्हणाला, "मला बसवू नका. घरी पोरं आहेत." आणि त्याने कोट काढून खुर्चीवर ठेवला.

"म्हणजे आमची नावं अंदाजाने खोडली?" वाल्मीककाकांचा आवाज चिरकला. "अंदाजाने?"

कुणीतरी योगिराजच्या दिशेने थुंकलं. कुणीतरी "हरामखोर, घरभेदी" म्हणालं. त्या गोंधळातून नाना टेबलाला वळसा घालून गेले. लोकांना वाटलं, मारणार. नानांनी मुलाची हनुवटी धरली आणि त्याचा चेहरा उजेडाकडे वळवला, रंगवून आलेली लडी वळवतात तसा. खाली-वर पाहिलं. मग त्यांनी मान फिरवली.

"बाई," ते सबनीस मॅडमना म्हणाले, "माझं पोर धडधाकट डोळ्यांचं तुमच्याकडे पाठवलं होतं. काय घातलंत यात? आणि घातलंत ते गेलं कुठे?"

"परिणाम व्यक्तीनुसार बदलतो, काका. संमतिपत्रात आहे. पान चौदा."

"त्याने सांगितलं असतं तर?"

"तर सेवा समाप्त. तेही आहे."

"मग तो सांगेल कसा?"

मॅडमकडे यावर पान नव्हतं. त्या फोन कानाला लावून आत गेल्या.

नानांनी योगिराजच्या अंगातला कोट उतरवला, लहान मुलाचा उतरवावा तसा, एक बाही, मग दुसरी. "चल," ते म्हणाले. हेमांगीकडे त्यांनी पाहिलं नाही. भर सभेत तिने भावाला उघडं पाडलं, हे त्यांना दिसलं होतं. ती बरोबर होती, हेही दिसलं होतं. दोन्ही एकदम माफ करणं त्यांना जमत नव्हतं.

कंपनीने चौकशी केली. चौकशीत निघालं की डोळे नैसर्गिकरीत्या मंदावले, कुणाचा दोष नाही. जुने शेरे, देते वेळी तपासनीस प्रमाणित असल्याने, कायम. नानांची साडी क्रमांक ३ च्या टेबलावरची, म्हणून अनिर्णित. त्या टेबलावर नवे डोळे आल्यावर तपासली जाईल. आणि मार्चच्या पहिल्या सोमवारी केंद्राच्या दारावर फलक लागला:

ताज्या डोळ्यांची भरती. वय १८ ते २२. मुदत दोन वर्षे. उपचार मोफत.

हेमांगी फलक वाचायला गेली तेव्हा रांग कोपऱ्यापर्यंत होती. सगळी विणकरांची मुलं. ज्या घरांची नावं खोडली गेली होती, त्या घरांची आधी. वाल्मीककाका मुलीबरोबर आले होते, रांगेच्या तोंडाशीच, मान खाली घालून. मुलगी तनुजा, एकोणीस वर्षांची, काठ विणण्यात हात बसलेली, कागदांची पिशवी छातीशी धरून उभी होती. आत डॉक्टर आले होते. अकरा वाजता पहिलं नाव पुकारणार होते.

हेमांगीला काही सुचलं नाही. घोषणा येत नव्हत्या, पत्रकं नव्हती. दार उघडं होतं. ती दाराच्या चौकटीत बसली, मग आडवी झाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत. फरशी गार होती.

"ताई, हे काय?" तनुजा पुढे आली. "सरका ना. माझाच पहिला नंबर आहे."

"ओलांडून जा."

"असं काय करता? माणसाला ओलांडतं का कुणी?"

"मग जाऊ नको."

रांगेत चुळबुळ झाली. मागचे पुढे सरकले, पाहिलं, थांबले. कुणीही पाय उचलला नाही.

"तुमच्या भावाला दोन वर्षं दिसलं," तनुजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज चिडलेला होता. "मी तेवढंही बघू नये का? तुमचं सगळं शिकून झालं, तुम्हाला काय."

हेमांगीला स्वतःलाही तो रंग पाहायचा होता. चारशे नव्वदपाशी काय आहे, ते तिला आलेखावर माहीत होतं आणि डोळ्यांनी जन्मात कळणार नव्हतं. तिला सगळ्यात जास्त राग याचाच होता. इतकी सुंदर गोष्ट माणसाने शोधली होती, आणि तिचा उपयोग केला होता सातातली एक साडी नाकारायला.

"जन्मभर दिसणार असेल तर मीच हाताला धरून नेईन तुला आत," ती म्हणाली. "दोन वर्षांनी काय होईल, सांगितलं का कुणी?"

"पान चौदा. वाचलंय मी. मराठीत आहे."

"वाचून आलीस?"

"मग काय करू? बाबांचं नाव गेलं. परवा मयूरीने धरली त्यांची साडी. त्यात खरंच पट्टा होता."

अकरा वाजले. आतून नाव पुकारलं. "तनुजा वाल्मीक साळी." कुणी हललं नाही. परत पुकारलं. मग आतून टाचांचा आवाज आला आणि सबनीस मॅडम दारात आल्या. त्यांनी खाली पाहिलं, घड्याळ पाहिलं, लांबवर उभी असलेली आपली गाडी पाहिली.

"एक्स्क्यूज मी," त्या म्हणाल्या. निऱ्या चिमटीत उचलल्या आणि हेमांगीच्या छातीवरून टांग टाकून पलीकडे गेल्या.

रांगेतल्या एका बाईने तोंडावर हात घेतला.

"अहो मॅडम!" वाल्मीककाका ओरडले. इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांनी मान वर केली होती. "परत या! उलट ओलांडा! असं ओलांडून जायचं नसतं माणसाला!"

मॅडमनी मागे वळून पाहिलं. हे लोक कशाबद्दल बोलतायत, ते त्यांना खरोखरच कळलं नाही. त्यांनी हसून हात हलवला, लवकरच आत घेतील अशा अर्थाने, आणि त्या फोनवर बोलत गाडीकडे गेल्या. वाल्मीककाका त्यांच्या मागे चार पावलं धावले. "उलट ओलांडा म्हणतो ना!" गाडीचं दार लागलं.

हेमांगी छताकडे बघत पडून राहिली. तिला वाटत होतं की आता रडू येईल, पण आलं नाही. तिच्या अंगावर सावली पडली. तनुजा तिच्या पायाशी उभी होती. ती एकदा गाडीकडे पाहत होती, एकदा हेमांगीकडे, जिथून तो पाय गेला होता त्या जागेकडे. तिचं तोंड हळूहळू कडक होत गेलं.

आतून तिसऱ्यांदा पुकारलं. "तनुजा साळी आहेत का?"

"आहे," तनुजा मोठ्याने म्हणाली. कागदांची पिशवी तिने बापाच्या हातात दिली आणि ओढणी कमरेला खोचली.

"सरका थोडं, ताई," ती म्हणाली. "मलाही जागा करा."